तुझं कपाट, माझी शिडी

आमच्या सरांकडे कुणी काहीही सांगायला गेलं, की ते आधी सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. मध्ये हूं नाही की चूं नाही. समोरच्याला वाटायचं, चला, सुटलो एकदाचे. मग सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "छान. आता हेच शेवटाकडून सुरुवातीकडे सांग."

अख्ख्या नागपुरात असा छळवाद करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. उशिरा आलेला विद्यार्थी सांगायचा, सर, वेळेवर निघालो, धरमपेठेत गाडी पंक्चर झाली, दुकान बंद होतं, ढकलत ढकलत आलो. आता उलटं सांग म्हटल्यावर तो आढ्याकडे बघायचा. "ढकलत आलो... त्याच्या आधी दुकान बंद होतं... त्याच्या आधी... पेट्रोल संपलं." सगळा वर्ग खो खो हसायचा. सर मात्र हसायचे नाहीत. ते वहीत काहीतरी टिपून ठेवायचे आणि म्हणायचे, "बस. गाडी नव्हतीच, झोप होती."

घरीसुद्धा हेच. काकूंनी मला एकदा पोहे देता देता सांगितलं, "लग्न झाल्यावर सहा महिन्यांत शिकली मी. आता ह्यायले पहिल्यांदाच उलटं सांगते. तेवढाच वेळ वाचते."

हे खूळ सरांच्या डोक्यात रडारमधून शिरलेलं होतं. ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रडार शिकवायचे, आणि रडार शिकवायला त्यांना खडू-फळ्यापेक्षा शिट्टी जास्त लागायची. वर्गात आले की भिंतीसमोर उभं राहून ते एक लांबलचक शिट्टी मारायचे. खालून सुरू होऊन चढत चढत जाणारी, सूंऽऽई अशी. मग पोरांकडे वळून म्हणायचे, "रडार म्हणजे काय? एक लहर सोडायची, ती कशावर तरी आपटून परत येते, ती ऐकायची. पण सारखी एकाच सुरात सोडली, तर परत आलेला सूर केव्हा निघालेला होता हे कसं कळंल? सगळा सूर सारखाच! म्हणून सूर चढवत न्यायचा. मी आता इथवर चढलो. भिंतीवरून जी येऊन राहिली, ती माझी मघाची, खालची. दोघींतला फरक मोजा, तेच भिंतीचं अंतर. संपलं रडार."

मग कुणीतरी दीडशहाणा विचारायचा, सर, लेझरचं काय? "लेझर म्हणजे जास्त शिकलेली शिट्टी," असं उत्तर मिळायचं.

शेजारच्या वर्गातल्या मॅडमनी तक्रार केली आणि प्राचार्यांनी नोटीस काढली, की व्हरांड्यात व वर्गात शिट्टी वाजवण्यास सक्त मनाई आहे. मुलांसाठी निघालेल्या नोटिसा मी ढिगानं पाहिल्या आहेत, पण प्राध्यापकासाठी शिट्टीबंदी निघालेली ही एकच. सरांनी ती नोटीस प्रयोगशाळेच्या दारावर स्वतः चिकटवली. प्राचार्यांबद्दल त्यांचं मत असं होतं, की तो माणूस वाईट नाही, पण जन्मभर एकाच सुरात बोलतो, त्यामुळे तो आपल्यापासून किती लांब आहे ते काही समजत नाही.

आणि उलटं सांगण्याचं असं, की समोरची वस्तू जर हलत असली तर ती परतीच्या सुरात आपली स्वतःची भर टाकते. अंतर चुकतं. यावर उपाय म्हणजे एकदा चढता सूर सोडायचा, एकदा उतरता. चढताना जितकं जास्त दाखवेल तितकंच उतरताना कमी दाखवेल, आणि खरं काय ते दोहोंच्या मध्ये सापडेल. सर म्हणायचे, "अन् माणूस तर हलणारच! म्हणून त्याले दोन्हीकडून विचारायचं." त्यांना वेडं म्हणायची सोयच नव्हती, कारण गणित बरोबर होतं.

एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून वर्धा रोडनं येत होते. केबल आणि काकूंची भाजी आणायला गेलो होतो. पुलाच्या पुढे हवालदारांनी हात दाखवला. त्यांच्या हातात वेग मोजायचं पिस्तूल होतं, त्यावर बहात्तर आकडा आलेला. दुसरा कुणी असता तर हात जोडले असते, नाहीतर कुणाला तरी फोन लावला असता. आमचे सर आनंदानं खालीच उतरले. "बहात्तर? ह्या गाडीनं? साहेब, तुम्ही बसा अन् मले बहात्तर करून दाखवा."

हवालदारही बहुतेक हौशी निघाले. "खोटं बोलून राहिले का तुम्ही?" म्हणत ते बसले की खरंच स्कूटरवर! पिस्तूल सरांच्या हातात. हवालदार वाकून, टोपी सांभाळत, जीव खाऊन गाडी पिळतायत आणि सर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून ओरडतायत, "अडतीस! अजून पिळा! एकोणचाळीस! आता परत या, दुसऱ्या बाजूनं मोजू!" मी भाजीची पिशवी आणि केबलचं वेटोळं धरून उभी. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. तेवढ्यात स्कूटरच्या मागून एक ट्रक भरधाव आला आणि पिस्तुलावर झळकलं एकाहत्तर. "सापडला चोर!" सरांनी एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की मागून येऊन थांबलेल्या जीपमधले इन्स्पेक्टर साहेब दचकून खाली उतरले.

त्यांनी काय पाहिलं असेल! गणवेशातला हवालदार एका खटाऱ्यावर डुगडुगत येतोय, आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ पोलिसांचं यंत्र त्याच्यावर रोखून बसलाय. सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की आधी ट्रकच मोजला गेला होता वगैरे. साहेबांनी हवालदारांकडे मान वळवली. हवालदार सांगू लागले, तर सर मध्येच म्हणाले, "असं नाही. शेवटाकडून सांगा." इन्स्पेक्टर साहेबांनी सरळ हात जोडले आणि आम्हाला जायला सांगितलं. सर वाटेत कुरकुरत होते, की दुसऱ्या बाजूचं मोजमाप राहूनच गेलं.

अशा माणसाकडे मी पीएचडी करत होते.

मी नागपूरजवळच्या कुहीची. घरची धानाची शेती. माझ्या बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी डॉक्टर होऊन राहिली. सुई न देणारी डॉक्टर." मी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, म्हणजे आज तास आहे, उद्याचं देव जाणे. विभागात एक कायमची जागा निघणार होती आणि तिला पीएचडी लागत होती. ती निघेस्तोवर माझं झालं तर मी मार्गाला लागले, नाही तर गेलं सगळं पाण्यात. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, सरांनाही माहीत होतं.

माझा विषय होता, लांबून माणसाचा श्वास मोजणं. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर वरखाली होते. चढत्या-उतरत्या सुराचं छोटं रडार, काडेपेटीएवढंच, ते समोर ठेवून ही हालचाल पकडता येते. ना अंगाला वायर, ना पट्टा. रोग्याला कळणारही नाही. सर म्हणायचे, भाजलेल्या माणसाला हात न लावता त्याचा श्वास मोजता आला तर तेवढं एक चांगलं काम होईल आपल्या हातून.

माणूस म्हणून मला मिळाले आमचे मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस, अंगानं काडी. कपाट हलवा म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे, पण खुर्चीत बसून नुसता श्वास घ्या म्हटलं की एका पायावर तयार. ते खुर्चीत बसायचे, समोर टेबलावर रडार, बाजूला लॅपटॉप घेऊन मी. कूलरच्या वाऱ्यानं पडदे हलतात आणि मोजमाप बिघडतं, म्हणून सर कूलर बंद करायला लावायचे. नागपुरात, मे महिन्यात! मामा बनियनवर, मी डोक्यावर ओला रुमाल घेऊन. मामा बसल्या बसल्या घोरायला लागायचे आणि माझ्या पडद्यावर श्वासाची काय देखणी लाट उमटायची, सांगता सोय नाही. जगात कुणाच्या रडारला इतकी स्वच्छ लाट मिळाली नसेल असं मला वाटायचं.

एकच गोष्ट खटकायची. खुर्ची ठेवलेली दोन मीटरवर, आणि रडार म्हणायचं, मामा साडेचार मीटरवर आहेत. मी म्हटलं, केबलमुळे उशीर होत असेल. दर वेळी अडीच मीटर वजा करायचे आणि पुढे जायचे. वजा केबल, वजा केबल, असं तीन वर्षं चाललं. कधी मामा खोकले तरी लाटेत खोकला दिसायचा नाही. त्याला मी किरकोळ गोंगाट म्हटलं. आणि एक नवीच गोष्ट सापडली होती. मामांचा श्वास अधूनमधून क्षणभर थांबायचा. पुन्हा पुन्हा, अगदी ठरल्यासारखा. मी त्यावर प्रबंधात एक वेगळं प्रकरण लिहिलं, 'विश्रांतीतील क्षणिक श्वासविराम'. एका परिषदेत वाचलंसुद्धा. टाळ्या पडल्या.

प्रबंध जमा करण्याआधी समितीसमोर प्रयोग करून दाखवावा लागतो. त्या दिवशी प्रयोगशाळेत प्राचार्य, बाहेरगावचे एक तज्ज्ञ आणि विभागातली मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. मी इस्त्रीची साडी नेसलेली, मामा नव्या शर्टात. सगळं छान झालं. लाट उमटली, श्वासविराम दिसला, तज्ज्ञ पुढे वाकून बघायला लागले. प्राचार्यांनी त्यांच्या त्या एकाच सुरात "उत्तम" म्हटलं. आता फक्त सह्या राहिल्या होत्या.

मागच्या खुर्चीतून सर उठले. माझे मार्गदर्शक. माझ्या बाजूचा माणूस!

"मामा," ते म्हणाले, "जरा श्वास रोका."

मामांनी गाल फुगवून श्वास रोखला. पडद्यावर लाट चालूच. छान, सावकाश, वरखाली. मंडळी हसायला लागली. कुणी म्हणालं, मामांना कळलं नाही. मामांचा चेहरा लाल, मग जांभळा, शेवटी ते भस्सकन श्वास सोडत म्हणाले, "रोकलाच होता जी! आयशप्पथ रोकला होता!"

सर माझ्याकडे वळले. "आता तू रोक वं."

मला अजून काहीच उमजलं नव्हतं. मी रोखला. आणि पडद्यावरची लाट आडवी झाली.

मी श्वास सोडला, लाट उठली. पुन्हा रोखला, पुन्हा आडवी. मामांच्या पाठीमागे जरा तिरकं एक लोखंडी कपाट होतं. लहर मामांच्या बाजूनं त्या कपाटावर जायची, तिथून वळून माझ्यावर, आणि आल्या वाटेनं परत. मामा पडले काडी, आणि मी... असो. त्या कपाटाच्या वाटेचं जास्तीचं अंतर मी केबल म्हणून वजा करत आले होते. तीन वर्षं मी माझाच श्वास मोजला होता. आणि तो माझा अपूर्व शोध, क्षणिक श्वासविराम? मी एंटरचं बटण दाबताना श्वास रोखून धरते, एवढाच त्याचा अर्थ होता.

समितीनं लिहिलं, सर्व मोजमापे नव्याने घ्यावीत. त्याच महिन्यात ती कायमची जागा निघाली आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. बाबांना मी फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "कपाट सरकवलं असतं तं नसतं जमलं काय?" मी ढसाढसा रडले.

सरांशी मी बोलणं टाकलं. खरं सांगते, इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. ते प्रयोगशाळेत आले की मी बाहेर. मामा बिचारे मधल्यामध्ये निरोप न्यायचे आणि स्वतःलाच गुन्हेगार समजायचे. "माझाच श्वास कमी पडला," असं म्हणायचे.

आठ दिवसांनी सरांनी मला दारातच गाठलं. मी फटकन विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं ना?"

"आदल्या दिवशी समजलं. तुझं ते श्वासविरामाचं प्रकरण वाचता वाचता. तुले बटण दाबताना पाह्यलं होतं मी."

"मग एकटीला का नाही सांगितलं? चारचौघांत माझी शोभा काहून केली?"

"आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर तू काय केलं असतं?"

मी थाप मारणार होते. पण हा माणूस उलटं विचारणार, हे आठवलं आणि खरं ते बोलून गेले. "कपाट सरकवलं असतं. दिवसभरात मामांची दोन-चार चांगली मोजमापं घेतली असती. जुनी तशीच ठेवली असती."

"अन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या," सर म्हणाले. "मी तेच केलं होतं."

त्यांच्या काखेत एक जाड, काळ्या बांधणीचं पुस्तक होतं. त्यांचा स्वतःचा प्रबंध. खुर्चीवर बसून त्यांनी तो मांडीवर उघडला आणि मला सांगू लागले. त्यांनी तरुणपणी असंच चढत्या सुराचं रडार करून पाण्याच्या उंच टाकीतली पातळी मोजली होती. आत न उतरता टाकी किती भरलीय ते सांगणारं यंत्र. वर्षभर आकडे सुंदर आले. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी नागपुरात पाणी आलं नाही आणि टाकी पहिल्यांदाच कोरडी झाली. सर सहज चढून यंत्र लावून बसले, तर यंत्र म्हणतं, टाकी भरलेली आहे! आत एक लोखंडी शिडी होती, तिची आडवी पायरी अगदी नेहमीच्या पाण्याच्या पातळीवर. वर्षभर त्यांनी पायरी मोजली होती.

"फरक येत होता थोडा. मीही केबलच वजा करून राहिलो होतो," सर म्हणाले. "तुझं कपाट, माझी शिडी. टाकी भरलेली असतानाच मोजत होतो, रिकामी होताना कधी मोजलंच नाही. तेव्हापासून मी सगळ्यायले उलटं सांगायला लावतो. अन् दुसऱ्या दिवशी व्हायवात काही बोललो नाही. टाळ्या वाजल्या. डॉक्टर झालो."

आमच्या सरांनी आपल्या नावापुढे डॉक्टर कधीच लावलं नव्हतं. आम्हाला ते साधेपणाचं वाटायचं.

पुढचं त्यांनी हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही. लग्नानंतर ते एकदा विद्यापीठाच्या खिडकीवर गेले होते, पदवी परत करायला. खिडकीतल्या बाबूंनी सगळी कागदपत्रं चाळली आणि सांगितलं, "सर, पदवी हरवली तर डुप्लिकेट मिळते. नाव चुकलं तर दुरुस्त करून मिळते. परत घ्यायचा फॉर्म नाही आपल्याकडे." सरांनी साध्या कागदावर अर्ज केला, तर तो आवक क्रमांकाशिवाय परत आला. मग त्यांनी त्या शिडीच्या चुकीचं शुद्धिपत्र टाइप करून ग्रंथालयातल्या प्रबंधात ठेवलं. कुणी आलं-गेलं तर वाचेल म्हणून. ग्रंथपाल बाईंनी साफसफाईत सुटा कागद म्हणून काढून टाकला. त्यांनी पुन्हा ठेवला, बाईंनी पुन्हा काढला. "तसंही कोणी वाचतच नाही," सर म्हणाले. "तेच तर वाईट आहे. चूक करून बसलो अन् पकडायलेही कोणी येईना."

मग ते म्हणाले, "तुझ्या प्रबंधात हे लिही. तुझं कपाट लिहिशील ना, त्याच्या आधी माझी शिडी लिही. नावानिशी."

"सर, तुमची लाज निघेल."

"निघू दे वं. एवढी वर्षं पोटात ठेवून कंटाळलो."

आम्ही कपाट बाहेर काढलं. मामांनी गुडघ्यांचं नावही न काढता एक बाजू उचलली. मी भिंतीच्या पलीकडून लॅपटॉप चालवायला लागले. आता मामांचा खराखुरा श्वास आला, आणि काय सांगू, दिसायला तो अगदीच बेताचा होता. अडखळणारा, खोकल्यानं तुटणारा, घोरण्यानं थरथरणारा. माझ्या आधीच्या लाटेच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मामांनी रोखला की थांबायचा. मामांना इतका आनंद झाला, की दिसेल त्याला बोलावून ते श्वास रोखून दाखवायचे. दीड वर्ष गेलं त्यात. श्वासविरामाचं प्रकरण मी फाडून टाकलं आणि त्याच्या जागी चुकांचं प्रकरण आलं. आधी शिडी, मग कपाट.

शेवटच्या व्हायवाला वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी पानं उलटता उलटता ते प्रकरण उघडलं, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, की हाच दोष यापूर्वी प्रस्तुत मार्गदर्शकांच्या स्वतःच्या प्रबंधात आढळतो. वाचून वर बघितलं. "हे तुमच्या मार्गदर्शकांनी पाहिलंय का?"

माझ्या आधी सरच उठले. "पाह्यलं? तीनदा परत लिहायला लावलं. बाई फार सौम्य लिहीत होती."

लोक हसले. परीक्षक नाही हसले. "टाकी रिकामी असल्याचं तुम्हाला व्हायवाच्या आधी कळलं होतं?"

"एक दिवस आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो," सर म्हणाले आणि उभेच राहिले.

दीड वर्षापूर्वी मी उभी होते, तिथेच उभे होते ते. शेवटी प्राचार्यांनी त्यांच्या सुरात "चहा" असं म्हटलं आणि सगळे उठले. मला पदवी मिळाली. पुढे विभागात आणखी एक जागा निघाली, तीही मिळाली. बाबांनी कुहीत पेढे वाटले.

माझा प्रबंध ग्रंथालयात दाखल झाला त्या दिवशी सरांनी तो उचलला आणि आपल्या प्रबंधाच्या शेजारी नेऊन ठेवला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, असं चालत नाही, प्रबंध वर्षाप्रमाणे लागतात. सरांचं वर्ष खाली कोपऱ्यात, माझं दाराशी. त्यांनी माझा काढून दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांनी परत कोपऱ्यात नेला. "ज्याच्या हाती माझं लागंल, त्याच्या हाती हिचंही लागलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, क्रमांक म्हणजे क्रमांक. हे युद्ध सर निवृत्त होईपर्यंत चाललं. निवृत्तीनंतर त्यांचं ग्रंथालयाचं कार्ड रद्द झालं आणि बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो त्यांना फार दिवस लाभला नाही. आता दर मंगळवारी मी जाते, दाराशी ठेवलेला माझा प्रबंध उचलते आणि खाली कोपऱ्यात सरांच्या शेजारी नेऊन ठेवते. विभागात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलोत बापडे.

परवा तिसऱ्या वर्षाची एक पोरगी माझ्या केबिनच्या दारात आली. धान साठवायच्या कोठीतली पातळी रडारनं मोजायचा प्रकल्प घेतलाय तिनं. हातात दोन पुस्तकं, एक जुनं काळ्या बांधणीचं, एक माझं.

"मॅडम, ह्या जुन्या प्रबंधातलं मोजमाप चुकलेलं आहे."

"कशावरून?"

"त्याच्या बाजूलेच हे दुसरं ठेवलं होतं. त्यात लिहिलंय. म्हणून मी कोठीतली शिडी आधी काढून घेतली."

तिला बसायला सांगून मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, सरळ, सुरुवातीपासून. मग फोन कानापासून लांब गेल्यासारखा झाला आणि सर घरात कुठेतरी धावत गेल्याचं ऐकू आलं, ह्या वयात.

"अवं, ऐकलं का? अवं, पकडलं! एका पोरीनं पकडलं मले!"

काकूंनी काय विचारलं ते कळलं नाही. सर मात्र हसत होते, पोटभर हसत होते, आणि फोन ठेवायचं विसरून गेले होते.